आठ महिन्यांसाठी अख्खं घर भाड्याने: रावपुऱ्यातल्या दुकानाचा अनुभव

बडोद्यात काही महिन्यांसाठी घर मांडायचं असेल आणि सामान विकत घ्यायचं नसेल तर रावपुऱ्यातून दांडिया बाजारकडे येताना ते जुनं मंडप-खुर्च्यांचं दुकान लागतं ना, ज्यांच्याकडे आता वरच्या मजल्यावर पलंग, कपाटं, फ्रिज वगैरे पण भाड्याने मिळतात, तिथे जा. मी डिसेंबर ते ऑगस्ट असे आठ महिने त्यांच्याकडून सामान घेतलं, माझ्यासाठी नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरासाठी. आता सगळं परत गेलंय, डिपॉझिट पण हातात आलंय, म्हणून लिहितेय. मुद्दाम थांबले होते, कारण भाड्याच्या धंद्यात सामान देताना सगळेच गोड बोलतात, माणूस कसा आहे ते सामान परत नेताना कळतं.

थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर मी एवढं का लिहितेय ते कळणार नाही.

बहीण आणि मेहुणे युगांडात मिशनरी आहेत. कंपालापासून पाचेक तासांवर मिशनचा दवाखाना आहे, मेहुणे तिथली लॅब सांभाळतात आणि ती बाजूच्या शाळेत शिकवते. दहा वर्षं होत आली. दर काही वर्षांनी मिशनचं बोर्ड त्यांना काही महिने मायदेशी पाठवतं, जुनी माणसं त्याला फर्लो म्हणायची, आता होम असाइनमेंट म्हणतात. लोकांना वाटतं सुट्टीवर आलेत, मजा आहे. सुट्टी कसली हो. ज्या ज्या मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, दर महिन्याला थोडे थोडे पैसे पाठवतात, प्रार्थना करतात, त्या सगळ्यांकडे जाऊन भेटायचं, तिकडे काय काम चाललंय ते सांगायचं, आणंद, नडियाद, अहमदाबाद, मग खाली नाशिक, नगर, पुणे, दर रविवारी वेगळं चर्च आणि वेगळ्या घरी जेवण. त्यातच राहिलेली दातांची कामं, डोळे तपासणं, मेहुण्यांच्या पाठीचं दुखणं, भाचीचा पासपोर्ट (लहान मुलांचा पाचच वर्षं चालतो, त्यामुळे दर फेरीत एकाचा तरी संपलेला असतोच). आणि मुलं. आईबाबा म्हणतात घरी चाललोय, पण मुलांचं घर तर तिकडेच आहे ना, त्यांच्यासाठी बडोदा म्हणजे फोनवरची मावशी.

मागची फेरी 2019 ची. तेव्हा आम्ही सगळ्या नातेवाइकांनी आणि चर्चच्या लोकांनी मिळून घर मांडलं होतं, म्हणजे ज्याच्याकडे जे जास्तीचं होतं ते त्याने दिलं. प्रेमानेच दिलं, त्यात काही म्हणायचं नाही. एकीकडून पलंग, दुसरीकडून गादी जी त्या पलंगावर बसत नव्हती, एका काकूंचा मिक्सर, एकांचा फ्रिज ज्याला उघडला की वास यायचा, आणि कप तर असे की दोन सारखे नाहीत. अडचण सामानाची नव्हतीच. अडचण ही की प्रत्येक वस्तूला एक माणूस चिकटलेला होता. फ्रिजवाले दर रविवारी चर्चबाहेर विचारायचे, नीट चालतोय ना आमचा फ्रिज? आणि बहिणीने दर रविवारी म्हणायचं, हो हो, खूप छान, फार उपकार झाले. काकूंना मध्येच पाहुणे आले तर मिक्सर परत गेला, पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा थँक्यू. भाची तेव्हा पाच वर्षांची होती, ती घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी विचारायची, मावशी, हे कोणाचंय? खुर्चीवर बसायच्या आधी पण. मी तेव्हा हसले होते, नंतर घरी येऊन मला रडू आलं.

कारण या लोकांचं सगळं आयुष्यच कोणीतरी दिलेल्यावर चाललेलं असतं. पगार लोकांच्या दानातून, तिकीट लोकांच्या दानातून, आणि ते मनापासून कृतज्ञ असतात, ढोंग नसतं. पण माणसाला रात्री स्वतःच्या पलंगावर पडल्यावर तरी कोणाला थँक्यू म्हणायला लागू नये असं मला वाटतं. म्हणून यावेळी (मध्ये कोविड आला त्यामुळे फेरी लांबत लांबत 2024 च्या डिसेंबरवर गेली) मी आधीच बहिणीला सांगून टाकलं की यावेळी कोणाकडून चमचा पण मागायचा नाही, सगळं भाड्याने घ्यायचं. ती म्हणाली ताई पैसे? मी म्हटलं हिशोब करून सांगते, थांब.

तयारी ऑक्टोबरपासून सुरू. डिसेंबरच का, तर तिकडे शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, तीन टर्म असतात. भाची आता पी-सिक्सला, म्हणजे तिकडच्या प्राथमिक शाळेच्या सहावीला, जाणार होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पी-सेव्हन, त्याच्या शेवटी पीएलई नावाची बोर्डाची परीक्षा, म्हणजे त्या वर्षी कुठे हलता येत नाही. म्हणून हेच वर्ष. दोन टर्म इथे घरी बसून तिकडची पुस्तकं करायची आणि तिसऱ्या टर्मला सप्टेंबरात परत वर्गात, शाळेनेही मान्य केलं. इथल्या शाळेत घालायचा प्रश्नच नव्हता, इथलं वर्ष जूनला सुरू, मध्येच कोण घेणार आणि घेतलं तरी ऑगस्टला काढायचंच. त्यामुळे माझ्या यादीत पलंगाच्या आधी दोन स्टडी टेबलं होती.

तिकडून बहिणीचे रोज मेसेज. धाकट्याचं पिवळं कार्ड सापडत नाहीये. युगांडाहून भारतात येणाऱ्याला यलो फीव्हरच्या लसीचा दाखला लागतो, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी लस घेतलेली असायला हवी, नाहीतर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. 2016 पासून तो दाखला जन्मभर चालतो त्यामुळे बाकी तिघांचा प्रश्न नव्हता, पण सहा वर्षांच्या पोराचं कार्डच हरवलं. शेवटी कंपालाला जाऊन पुन्हा करून घेतलं. मग बॅगा, माणशी दोन आणि एकेक 23 किलोची, त्यात दहा वर्षांच्या फोटोंची आणि कामाची फाइल, मंडळ्यांना द्यायला तिकडच्या बायकांनी विणलेल्या टोपल्या, मुलांची पुस्तकं. तिकडचं घर पण आठ महिने कोणाच्या तरी ताब्यात द्यायचं, कुत्रा कोणाकडे, कोंबड्या कोणाकडे. एवढं सगळं तिकडे चालू असताना इकडचा पलंग हा माझा भाग.

आधी मी मोबाइलवरच्या एका मोठ्या भाड्याच्या कंपनीकडे बघितलं. फोटो सुंदर. पण बहिणीच्या नावाने घ्यायला गेलो तर क्रेडिट स्कोअर मागितला, आता दहा वर्षं जो माणूस देशात नाही, ज्याने कधी लोन घेतलं नाही की कार्ड घेतलं नाही त्याचा स्कोअर कुठून येणार. माझ्या नावाने केलं तर कमी भाडं हवं असेल तर बारा महिने घ्या, मध्ये परत केलं तर दंड. फोनवर माणूस मिळेना, नुसतं एक दाबा दोन दाबा. सोडून दिलं.

मग आमच्या मिस्टरांनी रावपुऱ्यातल्या या दुकानाचं सांगितलं, त्यांच्या ऑफिसात बदलीवर आलेले लोक तिथूनच घेतात. बडोद्यात रिफायनरी, ओएनजीसी, युनिव्हर्सिटी असल्यामुळे दोन-तीन वर्षांसाठी येणारे लोक कायमचेच, त्यामुळे हा धंदा इथे जुना आहे, शेठच्या वडिलांनी मंडपाच्या धंद्यातच सुरू केला होता. दुकान दिसायला काही नाही, खाली मंडपाचे पाइप आणि सतरंज्यांचे ढीग, वर जायला अरुंद जिना. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटेल चुकीच्या ठिकाणी आलो.

मी यादी काढून वाचायला लागले तर शेठ म्हणाले, "बेन, सामान मग लिहू, आधी सांगा राहणार कोण? छोकरं केवढी आहेत?" गुजराती माणूस, पण बडोद्यातला, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलतात, मध्ये मध्ये गुजराती. मी सांगितलं सगळं. कंपाला म्हटल्यावर ते एकदम गप्प झाले. त्यांचे सासरे 1972 ला युगांडातल्या जिंजाहून आलेले, तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा, दुकान घर सगळं तिथे ठेवून एका बॅगेवर. म्हणाले, ते आले तेव्हा पण लोकांनी दिलेल्या खाटेवरच झोपले होते, मरेपर्यंत ती गोष्ट सांगायचे. मी काही बोलले नाही. पण मला वाटतं तिथून पुढे त्यांनी हे काम नुसतं गिऱ्हाईक म्हणून केलं नाही.

मग एकेक वस्तू दाखवली. मी व्हिडिओ कॉल लावला, आपण त्यांच्या अडीच तास पुढे, इकडे दुपारी चार म्हणजे तिकडे दीड, बहीण शाळेतूनच बघत होती. शेठनी दोन वस्तू स्वतःहून यादीतून काढल्या, सोफा नको म्हणाले, महिन्यातले दहा दिवस तुम्ही बाहेर, पाहुणे आले तर डायनिंगच्या खुर्च्या आहेत, सोफ्याचं भाडं फुकट जाईल. जो दुकानदार स्वतः भाडं कमी करतो त्याच्याशी मला घासाघीस करायची इच्छा राहिली नाही, तरी थोडी केलीच.

आता भाव, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. डबल बेड गादीसकट महिन्याला 850, सिंगल बेड गादीसकट दोन, 550 ला एक. फ्रिज 240 लिटरचा 800. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन 700. डायनिंग टेबल चार खुर्च्या 600. स्टडी टेबल खुर्चीसकट 300 ला एक, दोन घेतली. लोखंडी कपाटं दोन, 350 ला एक. गॅसची शेगडी दोन बर्नरची 150. सगळं मिळून 5500 महिना, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे 11,000. टेम्पो आणि हमाली जाताना 1800, परत नेताना 1200, आणि फ्लॅट निजामपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तरी मजल्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. उन्हाळ्यात चार महिने एसी 1600 ने, फिटिंगचे 1500 वेगळे. सगळं धरून आठ महिन्यांत 54,900. हेच सगळं नवीन घेतलं असतं तर लाखाच्या वर गेलं असतं आणि ऑगस्टमध्ये अर्ध्या किमतीला विकत बसावं लागलं असतं, ते कोण करणार, मीच. कागदपत्रं म्हणाल तर बहिणीचं आधार (बडोद्याच्या पत्त्याचंच आहे) आणि लोकल गॅरंटर म्हणून माझं आधार आणि लाइट बिल, बस. स्कोअर बिअर काही नाही.

सामानाची हालत सांगते. नवीन नाही, पण स्वच्छ. गाद्यांना नवीन खोळी. फ्रिज उघडून मी आधी वास घेतला, खरंच, नाक घालून, काही वास नव्हता. पलंग सागवानी वगैरे काही नाहीत, साधे आहेत पण करकरत नाहीत. एका कपाटाचं दार जरा ओढून लावावं लागायचं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. स्टडी टेबलं मात्र फार चांगली, खाली पुस्तकांना कप्पा, उंची मुलांना बरोबर.

आणि ती जाळीची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर धाकटा भाचा मध्ये घुसला आणि त्याने पलंग बघून आईला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, तो विचारतोय जाळी कुठे बांधायची? तिकडे मलेरिया आहे, जन्मल्यापासून हा मुलगा एक रात्र मच्छरदाणीशिवाय झोपलेला नाही, त्याच्या डोक्यात पलंग म्हणजेच जाळी. मी म्हटलं इथे कॉइल लावू, पंखा आहे. शेठनी ऐकलं, खाली गेले, मंडपाच्या माणसाला बोलावलं आणि चार बारीक पाइप, वर चौकट, पलंगाच्या पायांना क्लॅम्पने पक्कं, असं दोन्ही सिंगल बेडना बसवून दिलं. मंडपवाल्याला ते काय, दहा मिनिटांचं काम, पण सुचायला पाहिजे ना. पैसे विचारले तर नाही म्हणाले. जाळ्या मी मंगळ बाजारातून आणल्या.

सामान 10 डिसेंबरला आलं, सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेच्या दीड तास उशिरा. ते चौघं चार दिवसांनी आले. हल्ली तिकडच्या एंटेबे विमानतळावरून मुंबईला सरळ विमान आहे, 2023 पासून, त्यामुळे पूर्वीसारखं मध्ये रात्रभर कुठल्या विमानतळावर बसायला लागत नाही, मुंबईहून ट्रेनने संध्याकाळी बडोदा. दमलेली सगळी. मी खिचडी करून ठेवली होती. भाची आता अकरा वर्षांची, उंच झालीये, तिने दारातच उभं राहून सगळीकडे बघितलं आणि आईला हळूच विचारलं, हे सगळं कोणाचंय? मला वाटलं ती विसरली असेल, पण मुलं काही विसरत नाहीत. बहीण म्हणाली, भाड्याचं आहे, आपण पैसे देणार. म्हणजे आपलंच? आठ महिने आपलंच. मग ती जाऊन स्टडी टेबलाच्या खुर्चीवर बसली, न विचारता. धाकटा तोपर्यंत जाळीत शिरून झोपला पण होता, बूट घालून.

आता खटकलेलं.

एक तर शेगडी. फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे आणि त्यांनी दिलेली शेगडी सिलेंडरवरची, तिचे जेट बारीक, पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचे लागतात. ज्योत मेणबत्तीएवढी, पोळी भाजायला अर्धा तास. मी सांगितलं होतं पाइपचा गॅस आहे म्हणून, लिहून पण घेतलं होतं, तरी हे. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन जेट बदलून गेला पण पहिल्या रात्री त्या दमलेल्या लोकांचं दूध मला माझ्या घरून तापवून आणावं लागलं. पाइपचा गॅस असेल तर सामान उतरवतानाच शेगडी पेटवून बघा.

दुसरं जास्त त्रासाचं. वॉशिंग मशीनचा पाइप 13 जानेवारीला गळायला लागला, बाथरूमबाहेर पाणी. फोन केला तर उत्तरायण. आता बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको, 14 ला उत्तरायण, 15 ला वासी उत्तरायण, दोन दिवस अख्खं शहर गच्चीवर, दुकानाचा फोन पण उचलत नाहीत. कळतं मला, मुलं पण गच्चीवरच होती, शेजारच्यांनी त्यांना फिरकी धरायला शिकवली, धाकट्याने तर आयुष्यात पहिल्यांदा पतंग बघितला. पण बहीण 16 ला सकाळी सहाच्या गाडीने नगरला निघणार होती चार चर्चच्या दौऱ्यावर, चौघांचे कपडे ओले आणि बदलीला काही नाही, तिने रात्री बाथरूममध्ये बसून हाताने धुतले. माणूस आला 16 ला दुपारी, ते निघून गेल्यावर. सणाच्या दिवशी निदान एक नंबर चालू ठेवा की, पैसे आम्ही 30 दिवसांचे देतो. हे मी शेठना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं आणि त्या महिन्याच्या मशीनच्या भाड्यातले 200 कमी केले. ठीक आहे, पण ते धुणं काही परत होत नाही.

तिसरं म्हणजे बिल. यांची सवय साध्या चिठ्ठीची. बहिणीला बोर्डाला हिशोब द्यायला लागतो, पै पैचा, कारण तो पैसा कोणा विधवेने पेन्शनमधून पाठवलेला असतो, कोणा शाळेच्या मुलांनी जमवलेला असतो, ती माझ्याशी पण त्यातल्या 50 रुपयांवरून वाद घालते. पक्कं बिल मिळायला पहिल्या महिन्यात तीन आठवडे आणि माझ्या सहा फेऱ्या लागल्या. नंतर मुलाने, म्हणजे शेठच्या मुलाने, दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर पाठवायला सुरुवात केली, मग काही त्रास नाही. पण सुरुवातीलाच बोलून घ्या, नंतर नको.

एसीबद्दल. मी आधी घेतलाच नव्हता, पैसे वाचवायला. पण तिकडे ते राहतात तो भाग समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर वर, बारा महिने हवा 26-28 च्या आसपास, आणि इथे मार्चच्या मध्यालाच मुलं लाल झाली, धाकट्याच्या नाकातून रक्त आलं. शेठना फोन केला तर तिसऱ्या दिवशी दीड टनाचा एसी लावून गेले. फक्त एक, एसीला 16 अँपियरचा पॉइंट लागतो आणि जुन्या फ्लॅटमध्ये तो एकाच खोलीत होता, त्यामुळे मुलांचे दोन्ही पलंग पाइप-जाळीसकट त्या खोलीत हलवायला लागले आणि चार महिने चौघं एकाच खोलीत झोपले. मेच्या 43 डिग्रीत कोणाची तक्रार नव्हती. जुलैच्या मध्यात पाऊस नीट लागल्यावर एसी परत दिला, नेताना दिवसांचा हिशोब बरोबर केला.

बारीकसारीक पण सांगते, परदेशातून येणाऱ्यांना उपयोगी पडेल. तिकडचे प्लग चौकोनी पिनांचे असतात, आपल्या सॉकेटमध्ये जात नाहीत. भाचीचा लॅपटॉप पहिल्या दिवशीच बंद पडला. दुकानात सांगितलं तर सगळ्या प्रकारचे पिन बसतील असा बोर्ड त्यांनी दिला, तो पण आठ महिने तसाच वापरला. वॉशिंग मशीन, फ्रिज आल्या आल्या व्हिडिओ काढून ठेवा, प्रत्येक ओरखड्याचा, आम्ही काढला होता आणि परत देताना तोच कामाला आला, डायनिंग टेबलाचा एक कोपरा आधीच उडालेला होता, त्यांचा माणूस लिहायला लागला तर मी व्हिडिओ दाखवला, त्याने लगेच खोडलं.

परत देण्याचा दिवस. ते 14 ऑगस्टला निघाले आणि सामान 13 ला नको, शेवटच्या रात्री मुलं जमिनीवर झोपायला नकोत, असं मी म्हटलं होतं. तर शेठ म्हणाले, बेन, किल्ली तुमच्याकडे आहे ना, ते निघाल्यावर 16 ला येतो, दोन दिवसांचं भाडं नको. तसंच केलं. निघायच्या सकाळी मुलांनी त्याच पलंगावरून उठून, त्याच टेबलावर चहा-भाखरी खाल्ली आणि स्टेशनला गेली. मागच्या वेळी शेवटचे तीन दिवस एकेक माणूस येऊन आपापली वस्तू उचलून नेत होता, घर मुलांच्या डोळ्यासमोर रिकामं झालं होतं, आणि भाची तेव्हा खूप रडली होती. यावेळी ती भरलेल्या घरातून निघाली. रडली, पण मला मिठी मारून, स्टेशनवर.

16 ला मी एकटी होते फ्लॅटवर. चार माणसं, अडीच तासात सगळं खाली. एका स्टडी टेबलावर शाईचा मोठा डाग होता, धाकट्याचं काम, त्याचे 350 कापले, ते बरोबरच आहे, मी काही म्हटलं नाही. बाकीचे 10,650 तिसऱ्या दिवशी खात्यात. पलंगांचे पाइप काढायला लागले तेव्हा शेठनी माणसाला थांबवलं, म्हणाले एकाचे राहू दे, कोणी छोकरं असलेलं आलं तर दाखवू.

दुकान रविवारी बंद असतं, दुपारी एक ते चार पण बंद, उगाच जाऊ नका. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हवं असेल तर दिवाळीच्या आधी बोलून ठेवा, लग्नं सुरू झाली की यांचे टेम्पो आणि माणसं सगळी मंडपाच्या कामावर असतात, सामान असून पोचत नाही.